शनिवारची धार

पोस्टाच्या खिडकीतून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावं, याबद्दल लिटल ब्रुकमध्ये मला सोडून सगळ्यांचं मत पक्कं होतं. शेजारच्या लॉर्न बेकविथचं मत मेणबत्त्यांच्या बाजूने होतं. त्याच्या मेहुणीने म्हणे घरी मेणबत्त्या करून विकल्या आणि त्यातून घराचं छप्पर नवं केलं. पुढे एका मेणबत्तीनेच ते छप्पर जळालं, पण हा भाग त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितला. गावच्या कचेरीतल्या ग्लेंडाचं म्हणणं, मी पियानो शिकवावा. मला पियानो येत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या मुलाला शिकवणाऱ्या बाईंनाही येत नाही." माझी बायको मार्जोरी मात्र एका वाक्यात बोलली. ती म्हणाली, "वेंडल, काय वाटेल ते कर, पण स्वयंपाकघराबाहेर कर."

त्याला कारण घडलं होतं. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या मसाल्याच्या बाटल्या आडनावाप्रमाणे लावल्या होत्या. म्हणजे पोस्टात आम्ही पत्रं लावायचो तशा. मसाल्यांना आडनावं नसतात हे मला कळतं, पण ज्या कंपनीने भरले तिचं नाव धरून माझं काम व्यवस्थित झालं होतं. मार्जोरीला त्यानंतर चार दिवस दालचिनी सापडली नाही.

खरं सांगायचं तर मला धंदा नकोच होता. मला माणसं हवी होती. इतकी वर्षं या गावातल्या प्रत्येकाला माझ्या खिडकीपुढे यावंच लागायचं, आणि आल्यावर हवेबद्दल, गुडघ्याबद्दल, सुनेबद्दल चार शब्द बोलावेच लागायचे. मी निवृत्त झालो आणि खात्याने ती खिडकीच बंद करून टाकली. आता कोपऱ्यावर कुलपाच्या पत्रपेट्या आहेत. लोक गाडीतून उतरतात, पेटी उघडतात, पत्रं काढतात आणि निघून जातात. माझ्याकडे बघून हात हलवतात, नाही असं नाही, पण काच वर करून. एखाद्याला दिवसभर नुसते हात हलवून दाखवले तर त्याला कसं वाटेल, ते मला विचारा.

स्केटची कल्पना माझी स्वतःची. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला आधी बर्फावर घसरायचे, पोलादी पात्याचे स्केट घेतात, मग बूट. गावातलं हार्डवेअरचं दुकान बंद झाल्यापासून धार लावायची तर पार हार्ट्सव्हिलला अल्फॉन्स थेरिओ नावाच्या माणसाकडे जावं लागे, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडे. म्हणजे गरज होती, गिऱ्हाईक होतं, रिकामं गॅरेज होतं. धार कशी लावतात एवढंच काय ते ठाऊक नव्हतं.

"त्यात काय आहे?" लॉर्न म्हणाला. "चाक फिरतं. तू पातं पुढे-मागे करायचं. ठिणग्या उडाल्या की झालं."

लॉर्नने जन्मात पेन्सिलीलासुद्धा नीट टोक काढलेलं नाही. पण तो इतक्या खात्रीने बोलतो की समोरच्याला आपणच मूर्ख वाटायला लागतं. एका मोडीत निघालेल्या स्टेडियममधून मी धारेचं यंत्र आणलं. ते गाडीतून उतरवताना माझी कंबर, लॉर्नचा अंगठा आणि मार्जोरीची कुंडी अशा तीन वस्तू कामी आल्या. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा घरातले दिवे मंदावले, आणि शेजारी लॉर्नच्या गॅरेजचं विजेवर चालणारं दार आपोआप सर्रकन वर गेलं. आम्ही यंत्र बंद केलं. दार उघडंच राहिलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं, लॉर्नने घरी जाऊन बटण दाबून दार खाली आणलं, मी यंत्र चालू केलं, ते परत वर.

"लॉर्न, याचं काहीतरी केलं पाहिजे," मी म्हणालो.

"छे छे, राहू दे," तो म्हणाला. "गॅरेजात हवा खेळती राहील."

बाहेर उणे पंचवीस होतं. इथेच खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती. आमच्या गावचा माणूस तुमच्या पायाखाली सापडला तर तोच तुमची माफी मागतो. अशा ठिकाणी कोण काय म्हणतंय यावर विसंबून धंदा करणं किती धोक्याचं आहे, हे मला अजून कळायचं होतं.

परवान्यासाठी मी गावच्या कचेरीत गेलो. ग्लेंडाने नियमांचं पुस्तक काढलं आणि घरगुती धंद्यांच्या पानावर बोट ठेवलं.

"धार म्हणजे सुऱ्यांना का?"

"सुऱ्या नाहीत. स्केट."

"अरेरे. सुऱ्या असत्या तर सोपं होतं. सुऱ्यांना वेगळा अर्ज आहे. स्केट यात कुठेच नाहीत." तिने बोट खाली सरकवलं. "केस कापणं, पियानो, कुत्री धुणं, पायांची निगा... वेंडल, स्केट कुठे घालतात?"

"बर्फावर."

"अंगावर कुठे?"

"पायात."

"मग झालं तर!" ती म्हणाली आणि तिने शिक्का मारला.

मी म्हणालो की हे बरोबर दिसत नाही. ती म्हणाली की बरोबर हवं असेल तर ठराव मांडावा लागेल, आणि तो पुढच्या वसंतात सभेपुढे येईल, तोवर बर्फ वितळलेलं असेल. अशा रीतीने नव्या धंद्याची पाटी गॅरेजच्या दारावर लागली: 'पायांची निगा. डब्ल्यू. क्रेटन.' आणि पायांची निगा म्हटल्यावर नियमाने धुता येईल अशी फरशी, हाताची खुर्ची आणि कायम तयार असलेलं गरम पाणी, हे सगळंही मला ठेवावं लागलं. धारेच्या यंत्राशेजारी ते वाफाळतं घमेलं फार विचित्र दिसायचं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते समोरच्या घरातल्या एडना क्राऊसबाई. वय नव्वदीच्या पुढे. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या, बूट काढले, मग एकावर एक घातलेले मोजे काढले आणि पाय सरळ माझ्या घमेल्यात बुडवले.

"बाई, थोडा घोटाळा झालाय," मी म्हणालो. "मी इथे..."

"दार लाव बाळा, गार वारा येतोय," त्या म्हणाल्या. "किती दिवसांत नखांपर्यंत हात पोचला नाही माझा. देवानेच तुला बुद्धी दिली."

आता नव्वदीच्या बाईला ओले पाय घेऊन बर्फात परत पाठवणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला आलेला नाही. मी घरातून कात्री आणली. ती मार्जोरीची शिवणाची चांगली कात्री होती, हे कुणी तिला सांगू नये. जन्मभर पोस्टाची तिकिटं रेषेवरून नेमकी सोडवलेली असल्यामुळे माझा हात या कामात अजिबात अडखळला नाही. बाईंनी पाय उचलून सगळ्या बाजूंनी पाहिले, म्हणाल्या, "सभ्य माणसाचा हात आहे," आणि पुढच्या महिन्याचं नक्की करून गेल्या.

मग मात्र स्केट यायला लागले. शनिवारी सकाळी मी यंत्र चालू करायचो, लॉर्नचं दार वर जायचं, आणि ते वर गेलेलं दिसलं की गाव समजायचं, क्रेटनचं गॅरेज उघडलं. मी हीटर लावायचो. मार्जोरी कडक चहाची किटली आणि काकवीची बिस्किटं आणून ठेवायची. लोक खुर्च्या ओढून बसायचे आणि उठायचे नाहीत. हवा, गुडघे, सुना, सगळं पुन्हा सुरू झालं. मी चष्मा नाकावर घेऊन ठिणग्या उडवायचो आणि मधून मधून मान वळवून सल्ला द्यायचो. इतका सुखी मी खिडकीतही नव्हतो.

आणि काय ती स्तुती! ग्लेंडा म्हणाली, "अशी धार आमच्या मुलाने याआधी कधी पाहिली नव्हती." लॉर्न म्हणाला, "वेंडल, तुझी धार विसरता येत नाही." मुलांच्या हॉकी संघाचा शिक्षक डगी पूर्ण संघाचे स्केट पोत्यात भरून आणायचा. एकदा तो टोपी हातात फिरवत बराच वेळ उभा राहिला.

"मिस्टर क्रेटन, मुलं यंदा डावीकडे फार सुंदर वळताहेत."

"असं?"

"हो. डावीकडे तर... म्हणजे त्यांना थांबवता येत नाही."

"आणखी कडक धार देऊ का?" मी विचारलं.

"नको, नको," तो घाईघाईने म्हणाला. "भरपूर आहे."

मी ते मार्जोरीला दोनदा सांगितलं. ती बिस्किटं लाटत होती. म्हणाली, "बरं झालं." तिचा चेहरा मला त्या दिवशी दिसला नाही.

फेब्रुवारीत गिरणीच्या तळ्यावर दरवर्षीप्रमाणे सगळं गाव स्केटिंगला जमलं. त्या हंगामात मी स्वतः बर्फावर गेलोच नव्हतो. वैद्याला स्वतःचं औषध घ्यायला फुरसत नसते ना, तसं. मी स्वतःच्या हातची धार लावलेले स्केट चढवले, लोकांना हात केला आणि ऐटीत निघालो. निघालो सरळ, पण गेलो डावीकडे. तिथे बर्फाचा ढीग होता, त्यात मी कमरेपर्यंत शिरलो. लोकांनी मला बाहेर काढून पुन्हा सरळ उभं केलं. मी पुन्हा डावीकडे गेलो. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम उजवीकडे जोर लावला, तेव्हा स्वतःभोवती गिरकी घेतली आणि चर्चच्या बायकांच्या गरम कोकोच्या टेबलावर जाऊन थांबलो.

"बर्फ फार उंचसखल आहे," मी कोको पुसत म्हणालो.

"हो, हो, फारच," सगळे एकदम म्हणाले. आणि त्याच उंचसखल बर्फावरून सगळं गाव लोण्यासारखं घसरत होतं. ऐंशीच्या म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे. माझ्याच हातची धार लावून! मी हिशेब केला: लोकांचं काम मन लावून केलं, स्वतःच्या बाबतीत हयगय झाली. मनातल्या मनात मला माझं कौतुकच वाटलं.

घरी येऊन मी माझे स्केट पुन्हा चाकावर धरले. मग पुन्हा. त्यानंतर ते डावीकडेही जाईनात. पात्याच्या तळाला मधोमध एक बारीक खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा. त्या दोन्ही सारख्या उंचीच्या हव्यात, बाकी या कलेत काही नाही. माझ्या हातून तशा का होत नाहीत, हे कळेना. तेव्हा गुरुवारी मी मार्जोरीला सांगितलं की घर तापवायच्या भट्टीची जाळी आणायला हार्ट्सव्हिलला जातो, स्केट कोटाखाली लपवले आणि निघालो. अल्फॉन्स थेरिओ मला ओळखत नव्हता. माझ्या गावातलं कुणी तिथे असण्याचं कारण नव्हतं, कारण माझ्या गावातल्या लोकांना मी होतो.

दार उघडलं आणि घंटी वाजली. आत ओळीने बाकं होती. पहिल्या बाकावर डगी, पायाशी ते ओळखीचं पोतं. त्याच्या शेजारी ग्लेंडा, मांडीवर मुलाचे स्केट. त्यापलीकडे चर्चच्या बायका. आणि खिडकीशी लॉर्न बेकविथ. बाकीचं अर्धं गाव उभं होतं, कारण बाकं पुरली नव्हती.

अल्फॉन्सने आतून मान काढली.

"लिटल ब्रुकचे का? या, या! अहो, तुमच्या गावात कुणीतरी एक महात्मा बसलाय, देव त्याला उदंड आयुष्य देवो. आधी एकेक जण वर्षातून दोनदा यायचा, आता तो लावतो ती धार सुधारून घ्यायला माणसं दर आठवड्याला येतात. यंदा मी नवी गाडी घेतली त्याच्या जिवावर. काय आणलंय?"

आता कोटाखाली हात घालण्यावाचून इलाज नव्हता. त्याने माझे स्केट उजेडात धरले, एक डोळा मिटला आणि शीळ घातली.

"हे तर त्याचंच काम!"

"हो," मी म्हणालो. "त्याचंच."

मग एकदम माफीचा पाऊस पडला. डगी म्हणाला, "सॉरी, मिस्टर क्रेटन. मुलांना उजवीकडेही वळायला हवं होतं हो. उपांत्य सामना आहे." ग्लेंडा म्हणाली, "सॉरी, मी तर चपला शिवायला आले होते," आणि मग मांडीवरच्या स्केटकडे बघून पुन्हा सॉरी म्हणाली. लॉर्न म्हणाला, "सॉरी, मी नुसता सोबतीला आलो," आणि त्याने आपले स्केट पाठीमागे धरले. मी सगळ्यांना इतकी माफी मागायला लावली म्हणून मीही सॉरी म्हणालो. अल्फॉन्सला काहीच कळलं नाही, पण तोही एकदा म्हणाला.

माझे कान इतके तापले होते की परतताना गाडीत हीटर लावायची गरज पडली नाही.

"तुला माहीत होतं?" घरी आल्या आल्या मी मार्जोरीला विचारलं.

"माझे स्केट नाताळच्या आधीपासून अल्फॉन्सकडे जातात," ती म्हणाली. तिने मान खाली घातली. "सॉरी."

"मग बोलली का नाहीस? मला तोंडावर पाडलंस तू! सगळ्या गावाने पाडलं!"

"शनिवारी तू उजाडायच्या आत उठून दाढी करायचास, वेंडल," ती म्हणाली. "शीळ घालत. मी काय बोलणार होते?"

मी जाऊन भट्टीकडे बघत उभा राहिलो. जाळी आणायची राहिलीच होती.

शनिवारी मी दाढी केली नाही. तरी गॅरेजात गेलो, सवयीने. हीटर लावला. मार्जोरीने काही न बोलता किटली आणि बिस्किटं आणून ठेवली. खुर्च्या रिकाम्या होत्या. नियमाप्रमाणे तयार असलेल्या घमेल्यातून वाफ येत होती. एरवी या वेळेला बसायला जागा नसे. मला लोकांचा राग आलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एवढंच कळत होतं की आता ते येणार नाहीत. मी वाईट धार लावतो हे त्यांना चाललं होतं, पण मला ते कळलंय हे त्यांना चालणार नव्हतं. आमच्या गावचे लोक असेच आहेत. पुन्हा गाडीच्या काचेतून हात हलवतील, आणि संपलं.

दार उघडलं. एडनाबाई आल्या, खुर्चीत बसल्या, मोजे काढायला लागल्या.

"बाकीची मंडळी कुठे?"

"येणार नाहीत," मी म्हणालो. आणि नखं कापता कापता त्यांना सगळं सांगून टाकलं. "सगळ्या गावात तुम्ही एकट्याच माझ्या कामावर खूश आहात, बाई. आणि त्या कामासाठी मी गॅरेज उघडलंच नव्हतं."

"येणार नाहीत काय?" त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर पत्रपेट्यांपाशी गाड्या लावून बसलेत सगळे. मघापासून इंजिनं चालू आहेत. मी त्यांच्यामधूनच आले. आधी दुसऱ्याने जावं म्हणून जो तो थांबलाय. तुझ्यासमोर यायची लाज वाटते रे बाळा त्यांना."

"त्यांना? माझ्यासमोर?"

"मग? तू तोंड लपवून बसलास, ते तोंड लपवून बसले. अंगठ्याचं तेवढं नीट काप आणि चाक सुरू कर."

मी अंगठ्याचं नीट कापलं. मग यंत्राचं बटण दाबलं. दिवे मंदावले. शेजारी लॉर्नच्या गॅरेजचं दार सर्रकन वर गेलं, आणि आत, दाराच्या अगदी पाठीमागे, कोट-टोपी घालून, हातात स्केटची जोडी घेऊन लॉर्न बेकविथ उभा होता. किती वेळ उभा होता देव जाणे. नाक लालबुंद झालं होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तो अंगणातून माझ्याकडे आला.

"सॉरी," तो म्हणाला.

"सॉरी," मी म्हणालो.

"धार लाव."

"लॉर्न, गुरुवारी अल्फॉन्सने लावली ना याला?"

"लावली. म्हणून काय झालं? आज शनिवार आहे."

मी चष्मा नाकावर घेतला. स्केट हातात घेतला आणि चाकासमोर आणला, बोटभर अंतर सोडून. पातं चाकाला न लावता मी ते अगदी सरळ पुढे नेलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. चाक घरघरत होतं. एकही ठिणगी उडाली नाही. मग दुसरा स्केट. दोन्ही मऊ फडक्याने पुसले आणि त्याच्या हातात दिले.

लॉर्नने पात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एक डोळा मिटून ते उजेडात धरलं. उजवी कड पाहिली, डावी पाहिली.

"वेंडल," तो म्हणाला, "इतकी चांगली धार तू आजपर्यंत लावली नव्हतीस."

आणि त्याने खुर्ची ओढली. बाहेर गाड्यांची दारं आपटायला लागली होती. डगीचं पोतं बर्फावरून ओढल्याचा आवाज आला. मार्जोरीने खिडकीतून डोकावून आणखी किती कप लागतील ते विचारलं, आणि मी म्हणालो, सगळे आण.